स्पर्शाची वेळ कोणत्या घड्याळाने मोजायची?



मुलं टॅबवर प्रश्नमंजुषा सोडवतात. अहवालात प्रत्येक उत्तराला किती सेकंद लागले ते येतं आणि त्यावरून आपण 'हळू आहे', 'घाई करतो' असा शेरा मारून मोकळे होतो. म्हणून हे सेकंद येतात कुठून, ते आज समजून घेऊ.

वेळेचा शिक्का

बोट पडद्याला लागलं किंवा कळ दाबली, की ऑपरेटिंग सिस्टिम त्या घटनेची नोंद करते आणि नोंदीवर वेळ टाकते. ही वेळ शक्य तितक्या लवकर टाकायची असते. अ‍ॅप दुसऱ्या कामात अडकलं असेल, तर ते नोंद उशिरा वाचतं. वाचल्याची वेळ धरली, तर अ‍ॅपचा उशीर मुलाच्या नावावर चढेल.

घड्याळं तीन

लिनक्सचं उदाहरण घेऊ. अँड्रॉइडसुद्धा त्यावरच उभं आहे.

१. रिअलटाइम : हे भिंतीवरचं घड्याळ. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. पण आपण वेळ बदलली किंवा इंटरनेटवरून दुरुस्त झाली, तर ते एकदम पुढे किंवा मागे उडी मारू शकतं.

२. मोनोटॉनिक : हे स्टॉपवॉचसारखं. दुरुस्तीसाठी त्याचा वेग किंचित जुळवला जातो, पण ते कधी मागे जात नाही. यंत्र गाढ झोपेत गेलं, की थांबतं.

३. बूटटाइम : मोनोटॉनिकसारखंच, फक्त झोपेचा वेळही धरतं.

फळ्यावर सोडवायचं उदाहरण

पहिला स्पर्श १०:१५:२०.१०० ला, दुसरा १०:१५:२०.३०० ला. अंतर २०० मिलिसेकंद. अँड्रॉइडमध्ये दोन स्पर्शांमधलं अंतर ३०० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर तो 'डबल टॅप' धरतात. म्हणजे हा डबल टॅप.

आता समजा, मधेच भिंतीवरचं घड्याळ २ सेकंद पुढे सरकवलं. अंतर येईल २२०० मिलिसेकंद. मुलाने बरोबर केलं, तरी यंत्र म्हणेल दोन सुटे स्पर्श! आणि २ सेकंद मागे नेलं तर? उत्तर उणे १८०० मिलिसेकंद. दुसरा स्पर्श पहिल्याच्या आधी झाला, असा अर्थ निघेल.

लिनक्समध्ये अशा नोंदींवर पूर्वी भिंतीवरच्या घड्याळाचीच वेळ पडायची. २०१२ साली प्रोग्रामला घड्याळ निवडण्याची सोय मिळाली. अँड्रॉइड स्पर्शासाठी न उडणारं घड्याळच वापरतं.

मग नेहमी मोनोटॉनिकच का नको?

कारण ते प्रत्येक यंत्राचं आपापलं असतं. एक टॅब सकाळी सुरू केला, दुसरा काल. दोघांचे आकडे शेजारी ठेवून 'आधी कोणी उत्तर दिलं' हे ठरत नाही. त्यासाठी जुळवलेलं भिंतीवरचं घड्याळ लागतं, किंवा सर्व्हरने उत्तर पोहोचल्याची वेळ धरावी लागते. मात्र तेव्हा नेटवर्कचा उशीरही त्यात मिसळतो.

लक्षात ठेवायचं ते एवढंच :
- किती वेळ लागला? – मोनोटॉनिक.
- किती वाजता झालं? – रिअलटाइम.
- झोप धरून किती वेळ गेला? – बूटटाइम.

वर्गात करून बघा

एका मुलाला वर्गाची एक फेरी मारायला सांगा. एक गट स्टॉपवॉचने वेळ मोजेल, दुसरा भिंतीवरच्या घड्याळाने. फेरी चालू असतानाच तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढे करा. दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहा आणि विचारा, "धावणारा हळू होता का?" मुलं लगेच म्हणतात, घड्याळ हललं!

अहवालात एखाद्या उत्तरापुढे उणे सेकंद किंवा अचाट मोठा आकडा दिसला, तर मुलाला बोलण्याआधी हाच प्रश्न आपणही विचारूया. मूल थांबलं होतं, की घड्याळ हललं होतं?