दालचिनीच्या पानांचे तेल : उपयोग आणि दक्षता

सुगंधी तेल देणाऱ्या लॅव्हेंडरला जम्मूतील भदरवाहसारखी थंड हवा लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दमट हवेत ते स्थान दालचिनीचे आहे. नारळी-पोफळीच्या बागांत ती मिश्रपीक म्हणून घेता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये ‘कोकण तेज’ ही जात प्रसारित केली. साल काढल्यानंतर उरणारी पानेही उपयुक्त असतात. पानांतून वाफ सोडून ती थंड केली असता तेल वेगळे होते.

सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइड, तर पानांच्या तेलात लवंगेप्रमाणेच युजेनॉल हा प्रमुख घटक असतो. साबण, सुगंधी द्रव्ये व खाद्यपदार्थांचा स्वाद यांसाठी हे तेल वापरतात. दंतवैद्य दातांच्या तात्पुरत्या भरणीत युजेनॉल योजतात.

तथापि, वनस्पतिजन्य ते सर्व निर्धोक, हा समज योग्य नव्हे. निव्वळ तेलाने त्वचेची आग होते, पुरळ उठते. प्रौढांनीही २०० भाग खोबरेल तेलात १ भागाहून अधिक मिसळू नये. बालके व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी वैद्यकीय सल्ल्यावाचून ते वापरू नये. मुलाच्या पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते. अशा वेळी वांती करवू नये, कारण तेल फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

तेल गडद काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत, नावाची चिठ्ठी लावून ठेवावे. सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते कदापि भरू नये. ही एवढी गोष्ट शिक्षकांनी शाळेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आवर्जून सांगावी.