दरीत ऊन आले

थंडीच्या दिवसांत सकाळी आपण अंगणात ऊन खात बसतो. ऊन फुकट मिळते. म्हणून त्याचे मोल कळत नाही.

दूर उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. तिथे ऱ्यूकान हे गाव खोल दरीत वसले आहे. हिवाळ्यात सूर्य डोंगराआडच राहतो. सप्टेंबरअखेर ऊन जाते, ते मार्चमध्ये परत येते. इतके महिने गावात नुसती सावली!

या गावी खताचा मोठा कारखाना होता. कामगारांना ऊन कसे मिळणार? कारखान्याने १९२८ साली तारेवरून चालणारा पाळणा बांधून दिला. लोक पाळण्यात बसून डोंगरावर जाऊ लागले. वर लख्ख ऊन!

पण रोज वर कोण जाणार? २०१३ साली गावाने डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. सूर्य सरकतो, तसे आरसेही फिरतात. आभाळ स्वच्छ असले, की कवडसा गावच्या चौकात पडतो. म्हातारीकोतारी, पोरेबाळे तिथे जमतात. ऊन खातात, गप्पा मारतात.

हिवाळा तोच आहे. पण लोक घरात कुढत बसले नाहीत.

सांगा पाहू :
१. लोक डोंगरावर का जात?
२. आरसे का फिरतात?
३. तुमच्या गावात ऊन खायला लोक कुठे जमतात?