डीएपी किती भरून ठेवायचे? शिरवळच्या अडसाली लागणीचा हिशोब

मे संपत आला की शिरवळच्या कृषी सेवा केंद्रांत एकच विचारणा सुरू होते, "डीएपी आलंय का?" पुढे माल मिळणार नाही, भाव चढेल, या धास्तीने दोन एकरवालाही दहा गोण्या उचलायला निघतो. धास्ती खोटी नाही. पण गाडी जोडण्याआधी दहा मिनिटे कागद-पेन घेऊन बसा, ही कळकळीची विनंती आहे.

आपला देश लागणाऱ्या डीएपीचा मोठा भाग तयार आयात करतो आणि इथे बनणाऱ्या डीएपीचा कच्चा मालही बाहेरूनच येतो. त्यामुळे चीनने २०२१ मध्ये निर्यातीला लगाम घातला, २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, त्याची झळ नीरा काठापर्यंत आली. तरी २०२१ चा उन्हाळा आठवा. ५० किलोच्या गोणीचा दर १२०० वरून १९०० रुपयांवर जाणार, असे जाहीर झाले आणि गावोगाव पळापळ उडाली. १९ मेला केंद्राने गोणीमागचे अनुदान ५०० वरून १२०० रुपये केले आणि शेतकऱ्याला गोणी पुन्हा १२०० लाच राहिली. २०२२ पासून ती १३५० ला आहे. म्हणजे भावाची उडी बहुतेकदा सरकार झेलते. आपल्याला खरा त्रास होतो तो ऐन वेळी माल न मिळण्याचा. साठा करायचा तो या एका कारणासाठी, आणि तेवढ्यापुरताच.

आता एका एकराचा हिशोब. राहुरी विद्यापीठाची अडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश अशी आहे. एकरी स्फुरद साधारण ६९ किलो. डीएपीच्या एका गोणीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असते, म्हणजे एकरी तीन गोण्या, ४०५० रुपये. पण हे स्फुरद एकदम द्यायचेच नसते! निम्मे लागणीला, निम्मे मोठ्या बांधणीला. लागणीला लागते ती दीड गोणी. दोन एकर अडसालीला जूनमध्ये घरात तीन गोण्या असल्या की काम भागले.

उरलेली जूनमध्येच घेतली तर? उधारीला शेकडा दोन रुपये महिना धरला तर गोणीमागे महिन्याला २७ रुपये चढतात. जुलैच्या मध्याला लागण केली तर मोठी बांधणी नोव्हेंबरअखेर येते. पाच महिन्यांचे १३५ रुपये धरले की गोणी १४८५ ला पडली. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरवर विसंबू नका, तेव्हा रब्बीसाठी देशभर डीएपीची ओढ असते. दुसरा हप्ता गणपती ते घटस्थापनेच्या दरम्यान आणावा, असे माझे मत आहे.

युरियाचा साठा तर करूच नये. ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे अशी सरकारनेच बांधून दिली आहे, त्यामुळे लवकर घेऊन पैसा वाचत नाही. शिवाय युरिया हवेतला ओलावा ओढतो. पावसाळाभर पडून राहिलेल्या गोणीचे ढेकूळ होते. डीएपीतले नत्र वजा जाता एकराला साडेसहा गोण्या लागतात, पण चार हप्त्यांत. प्रत्येक हप्त्याच्या आठवडाभर आधी आणा.

खिशाला सगळ्यात जास्त लागते ते लिंकिंग. एका हंगामात मला डीएपीच्या गोणीसोबत तीनशे रुपयांची नको असलेली बाटली घ्यावी लागली. शेजारी उभ्या म्हाताऱ्या काकांकडे तेवढे जादा पैसे नव्हते, ते रिकामे परतले. तो राग अजून गेलेला नाही. अशी सक्ती बेकायदा आहे. पॉस मशीनवर अंगठा दिल्यावर पक्की पावती मागाच, गोणीवर छापलेली किंमत पाहा, आणि अडवणूक झाली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार द्या. (तालुका आपला, साताऱ्याचा खंडाळा; लोणावळ्याजवळचा नव्हे.)

डीएपी मिळालेच नाही तर लागण थांबवू नका. एका गोणीच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि २० किलो युरिया चालतो. युरियाचे ११८ रुपये होतात. म्हणून सुपरची गोणी ४१० रुपयांपर्यंत मिळाली तर दोन्ही सारखेच पडतात. त्याहून महाग असेल तर डीएपी स्वस्त. पण वर सांगितलेली तीनशेची बाटली गळ्यात पडत असेल, तर ५१० रुपयांची सुपरही परवडते, आणि तिच्यातले गंधक वर मिळते. वाहतूक तेवढी धरा, कारण एकाच्या जागी तीन गोण्या आणायच्या आहेत.

गोण्या भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचा. खाली कोबा असला तरी फळी हवीच, तो ओल धरतो. बियाणे आणि जनावरांचे खाद्य त्या खोलीत ठेवू नका. आणि माती तपासून घेतलेली नसेल, तर आधी ती तपासा. स्फुरद भरपूर निघाले तर डीएपीच्या एकरी तीन गोण्यांतलीही एखादी कमी होते.