पियानोला लपवू नकोस

अगं, बाखचा डी मायनर कॉन्चेर्टो पियानोवर वाजवायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. ‘तो हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेला आहे’ हे ऐकून तू केवढी खट्टू झालीस! पण ही रचना मुळात व्हायोलिनची असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ प्रत हरवली आहे. तिच्यातलं संगीत बाखनं आपल्या दोन कँटाटांमध्ये ऑर्गनला दिलं आणि १७३८च्या सुमारास लाइपझिगमध्ये हार्पसिकॉर्डसाठी स्वतःच्या हातानं लिहून काढलं. त्याच गावात १८३७मध्ये मेंडेल्सोननं ती पियानोवर वाजवली. एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाणं तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. मला काळजी आहे ती वेगळीच. तू आत्ताच ग्रीगचा कॉन्चेर्टो वाजवून बाहेर पडली आहेस आणि तोच आवेश घेऊन बाखकडे जाशील, याची.

ग्रीगमध्ये पियानो ऑर्केस्ट्राशी झुंजतो. इथे तसं नाही गं. लाइपझिगमध्ये झिमरमानच्या कॉफीघरात बाख विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद घेऊन वाजवायचा, तिथे मोजकी तंतुवाद्यं असणार. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाचं टोक तार छेडतं. बोटानं कितीही जोर लाव, आवाज वाढत नाही. त्यामुळे वाजवणारा त्या मंडळींमध्येच बसल्यासारखा ऐकू येतो. तुझ्यापुढे असेल आठ-नऊ फुटी ग्रँड. चार-पाच व्हायोलिनं तर ती सहज गिळेल.

सुरुवातच बघ. सगळे मिळून एकच सुरावट वाजवतात, आणि बाखनं तुझ्या दोन्ही हातांनाही तीच दिली आहे. काही पियानिस्ट तिथे गप्प बसतात आणि पुढे ‘आपली’ जागा आली की सुरू करतात. तू तसं करू नकोस. पेटीवाला गायकाच्या स्वराला चिकटून राहतो ना, तशी व्हायोलिनांच्या आत राहून वाजव. त्या सुरावटीचं वजन बोटांना कळलं, तर पुढचा तुझा सोलो तिच्यातूनच निघाल्यासारखा येईल.

खरा पेच डाव्या हाताचा आहे. पुष्कळ ठिकाणी तो चेलो आणि डबल बासचीच ओळ वाजवतो. हार्पसिकॉर्डवर त्यानं त्या ओळीला नुसती धार येते. पियानोवर मात्र सगळं खाली जड आणि गढूळ होतं. म्हणून डावा हात हलका, स्वर थोडे सुटे, आणि कान सतत चेलोकडे. चेलोवाल्याला विचार, तो कुठे गज उचलतो. तिथेच तूही सोड. माझं ऐकशील तर पहिल्या तालमीत फक्त डावा हात वाजव, त्यांच्याबरोबर.

पहिल्या भागात एकच स्वर पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्याभोवती बाकीचे हलतात, त्या जागा नीट बघ. ही व्हायोलिनची भाषा आहे; मोकळी तार आणि दाबलेली तार आळीपाळीनं वाजली की दोन वेगळे रंग आपोआप निघतात. हार्पसिकॉर्डवर हा फरक बोटाच्या दाबानं करता येत नाही, तुला येतो. थांबलेला स्वर मागे ठेव, हलणारे पुढे आण. इथे पियानो मूळच्या व्हायोलिनच्या जास्त जवळ जातो, आणि ते करताना अजिबात संकोचू नकोस.

अडाजिओमध्ये तर तुला मोठीच देणगी मिळाली आहे. खाली बासची तीच आकृती फिरत राहते आणि वर उजवा हात गातो. लांब स्वर पियानोवर टिकतो, त्याला वळण देता येतं. मात्र ती नक्षी बाखनंच बरीचशी लिहून ठेवली आहे. तिच्यावर आणखी दागिने चढवू नकोस. खालच्या आकृतीचा वेग ढळू दिलास तर वरचं गाणं लोंबकळेल.

पेडल? आंद्राश शिफ बाख वाजवताना त्याला जवळजवळ हात लावत नाही, सॉरी, पाय लावत नाही म्हणायला हवं. त्याचं अडाजिओ ऐक आणि बोटांनीच स्वर कसे जोडलेत ते बघ. मग मरे पराहिया ऐक, तो ऑर्केस्ट्रा स्वतःच पियानोवरून चालवतो. ग्लेन गूल्डचं १९५७चं बर्नस्टाइनबरोबरचं ध्वनिमुद्रण मात्र तुझं ठरल्यावरच ऐक, नाहीतर त्याचे तुटक, टोकदार स्वर तुझ्या बोटांत उतरतील आणि निघता निघणार नाहीत.

आणि सभागृहात गेल्यावर पियानोचं झाकण किती उघडायचं ते आधीच ठरवून टाकू नकोस. कुणाला तरी मागच्या रांगेत बसव, शेवटच्या अलेग्रोचं एक पान वाजवा, आणि व्हिओला ऐकू येते का एवढंच विचार. येत नसेल तर झाकण खाली घे, पुन्हा वाजवा.