शिलेदाराचा घोडा

आपल्या मंडळाच्या मागच्या बैठकीत 'फ्रीलान्सर'ला मराठी शब्द काय, यावर अर्धा तास गेला. कुणी 'मुक्त व्यावसायिक' म्हणालं, कुणी 'स्वतंत्र कामगार'. मागच्या बाकावरून 'बेकार' असा आवाज आला आणि सगळे हसले. मीही हसलो, पण जरा कसंनुसं. पदवीनंतर मला हेच करायचंय, आणि तेही परदेशात जाऊन.

घरी येऊन शब्दाच्या मागे लागलो. इंग्रजीत तो रूढ झाला वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९ च्या कादंबरीमुळे. लान्स म्हणजे भाला. कुठल्याच सरदाराशी कायमचा बांधलेला नसलेला, मोल देईल त्याच्या बाजूने लढणारा भालाईत, तो 'फ्री लान्स'. हे वाचलं आणि चौथीचं इतिहासाचं पुस्तक आठवलं. हा माणूस आपल्याकडे होताच की! मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. घोड्याची वैरण, त्याचं आजारपण, सगळं शिलेदाराच्याच माथी. माझा लॅपटॉप बिघडला तेव्हा दुरुस्तीचे पैसे मीच भरले, तेव्हा हा फरक मला चांगलाच कळला होता. फक्त त्याला शब्द नव्हता.

बाहेर जाणं आपल्या भागाला नवीन नाही. बेळगाव कॅम्पातल्या, खानापूरकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांतलं कुणी ना कुणी गल्फला नाहीतर बोटीवर असतं. निपाणीची पोरं कोल्हापूर-पुण्याहून पुढे जातात. पण यातले बहुतेक बारगीर. कंपनी व्हिसा काढते, तिकीट देते, बऱ्याचदा राहायची खोलीही देते. शिलेदार होऊन समुद्र ओलांडायचा तर दारात उभं करायला कुणी धनी नसतो.

असा एक शिलेदार आपल्या अगदी शेजारचा. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की म्हापशाजवळ साळगाव आहे. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा तिथे १९२४ मध्ये जन्मले. वडील लहानपणीच गेले. आईने मुंबईत शिवणकाम करून त्यांना वाढवलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आलं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करण्यात ते पुढे होते, आणि १९४९ मध्ये ते लंडनला निघाले. त्यांचेच सोबती एस. एच. रझा पुढच्या वर्षी पॅरिसला गेले, पण फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन. सूझांजवळ तसं काही नव्हतं.

पुढची गोष्ट नेहमी १९५५ पासून सांगतात. त्या वर्षी स्टीफन स्पेंडर यांच्या 'एन्काउंटर' मासिकात सूझांचा आत्मकथनपर लेख आला, व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमधलं प्रदर्शन विकलं गेलं आणि नाव झालं. मला मात्र त्याआधीची पाच-सहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. चित्रं विकली जात नव्हती. सूझा पत्रकारितेची किरकोळ कामं करत होते. बायको मारिया नोकरी करत होत्या आणि त्यावर घर चालत होतं. चित्रकाराच्या चरित्रात हे एका वाक्यात उरकतात. खरं तर घोड्याची वैरण तीच होती.

नाव झाल्यावरही १९५६ पासून काही वर्षं हॅरॉल्ड कोव्हनर नावाचा अमेरिकन संग्राहक चित्रांच्या बदल्यात नियमित पैसे देत होता. म्हणजे एवढा मोठा शिलेदारही मध्ये थोडा काळ बारगीर झाला! यात मला काही कमीपणा दिसत नाही.

आता माझं. मी कन्नड आणि इंग्रजीतून मराठीत सबटायटल्सचं भाषांतर करतो. मिनिटाच्या हिशेबाने पैसे मिळतात, आणि एकदा तर चार महिन्यांनी मिळाले. मम्माला बर्लिनचं सांगितलं तेव्हा ती शाळेचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. नको कोण म्हणालंय? पण पैल्या महिन्याचं भाडं कोण भरणार, तेवढं सांग."

बर्लिन का, तर जर्मन कायद्यात लेखक, कलाकार, भाषांतरकार, शिक्षक यांच्या स्वतंत्र व्यवसायाला वेगळं नाव आहे, 'फ्रायबेरुफ्लर', आणि त्यांना राहण्याचा परवाना मागता येतो. १९८३ पासून तिथे कलाकार-लेखकांसाठी सामाजिक विम्याची योजनाही आहे. हप्त्याचा साधारण अर्धा भाग सरकार आणि त्यांचं काम वापरणाऱ्या कंपन्या उचलतात. पोर्तुगालने २०२२ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी व्हिसा काढला, पण त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ मध्ये ते महिना ३,४८० युरो होतं. मी वही मिटली. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे. माझ्या म्हापशाच्या चुलतभावंडांनी ती धरली. त्यांचे आजोबा तिकडचे. माझे, म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, जन्मले खानापुरात. घाटाच्या अलीकडे जन्मले, एवढाच फरक.

आपल्या सीमाभागातल्यांनी कागदांची तयारी मात्र लवकर सुरू करावी. माझा जन्मदाखला कन्नडमध्ये आहे, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाचं आणि दहावीच्या मार्कलिस्टवर तिसरंच स्पेलिंग. भाषेच्या वर्गात या विविधतेचं आपण कौतुक करतो. व्हिसाच्या अर्जात तिची तीन वेगळी माणसं होतात. दाखल्याचं अधिकृत भाषांतर, नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, पदवीचं साक्षांकन, सगळ्याला महिने जातात.

आणि बर्लिनच्या कार्यालयाला दाखवावी लागतात तुम्हाला काम देऊ इच्छिणाऱ्यांची पत्रं, उत्पन्नाचा अंदाज आणि आरोग्य विमा. म्हणजे मम्माचाच प्रश्न, जरा सरकारी भाषेत. माझ्याजवळ सध्या अशी दोन पत्रं आहेत. एक पुण्याच्या स्टुडिओचं, ते जर्मनीत किती चालेल कोण जाणे. तिसऱ्यासाठी काल रात्री ईमेल पाठवलाय. भाड्याचा आकडा मम्माने पेपरांच्या गठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवलाय, त्याखाली तिचा पगार, आणि मध्ये वजाबाकीची रेघ.