जुन्या वस्तूंची पारख

आपल्या सोलापूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते वारकऱ्यांस ठाऊक असते. पण त्याची कीर्ती याहूनही पुरातन आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या सागरप्रवासाच्या एका ग्रंथात 'तगर' या नगराचा उल्लेख येतो. तेथील कापड गाड्यांत भरून दूरच्या भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे विद्वान मानतात.

या गावच्या पांढरीत पावसाने माती धुपली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती, नाणी अशा वस्तू वर येतात. गावचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू मोठ्या आस्थेने जमविल्या. त्यांचेच नाव धारण करणारे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथे उभे आहे.

या संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली हस्तिदंताचीच एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. दोहोंच्या घडणीत विलक्षण साम्य आहे! दक्खनच्या कारागिरांची कला समुद्रापार कशी पोहोचली असेल, याचा विचार अभ्यासक या दोन मूर्ती शेजारी ठेवून करू शकले. आता कल्पना करा, तेरची मूर्ती कोणी गुपचूप शहरात विकली असती आणि ती कोठे सापडली हे कोणास कळलेच नसते, तर? एक सुबक बाहुली एवढीच तिची ओळख उरली असती. वस्तूची किंमत बाजार ठरवितो. तिचे मोल मात्र ती कोठून आली या माहितीत असते.

सर्वच जुन्या वस्तू मातीतून येत नाहीत. पुष्कळशा घरोघरच्या माळ्यावर असतात आणि तेथून मोडीत जातात. आजीचा समईचा जोड वजनावर घालून स्टीलचे डबे घेणारी घरे सोलापुरात मी कितीतरी पाहिली आहेत. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर अशाच वस्तूंच्या शोधात गावोगाव हिंडले. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, वाद्ये त्यांनी पदरमोड करून विकत घेतली, आणि अल्पवयात वारलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने उभारलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. अडकित्त्यासारख्या क्षुल्लक वस्तूत कारागिराने किती जीव ओतला आहे, हे पाहावयाचे असेल तर तेथे अवश्य जावे.

विकत घेताना डोळस असावे लागते. नवी मूर्ती क्षारांनी हिरवी करून 'पुरातन' म्हणून विकणारे लोक आहेत. खऱ्या जुन्या दिव्याची झीज हात लागतो तेथे अधिक असते. सर्वत्र सारखीच झीज दिसली की संशय घ्यावा.

घरी जुने तांब्याचे नाणे असेल तर ते चिंच किंवा राख लावून घासू नका. त्यावरील काळपट-हिरवट थर बहुधा खालच्या धातूचे रक्षण करतो. तो घासला की अक्षरेही झिजतात. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर नाणे कोरड्या जागी ठेवून जाणकारास दाखवावे. जुने रेशमी वस्त्र उन्हात टांगू नये. स्वच्छ मलमलीत गुंडाळून ठेवावे आणि मधूनमधून त्याची घडी बदलावी. फाटलेल्या पोथीस चिकटपट्टी लावणे तर तिचा घातच करणे होय.

कायदाही या वस्तूंची काळजी घेतो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे किमान १०० वर्षांच्या जुन्या कलावस्तू, तसेच महत्त्वाची हस्तलिखिते ७५ वर्षांची झाली असली तरी, कोणासही खाजगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. नांगरताना एखादी मूर्ती वर आलीच, तर ती धुण्याआधी कागदावर लिहून ठेवावे: कोणत्या गावच्या कोणत्या शेतात ती मिळाली, किती खोल होती आणि तिच्याभोवती आणखी काय पडले होते.