तारखेत एक दिवस का मिळवला?

दुसऱ्याने केलेल्या वेबसाइट सांभाळणं हा माझा धंदा, आणि तो एआय यायच्या आधीपासूनचा. ड्रीमवीव्हरने काढलेली, टेबलात टेबल कोंबलेली पानंही मी साफ केली आहेत. तो कोडही यंत्रानेच ओकलेला असायचा, पण इतका कुरूप दिसायचा की हात लावताना माणूस आपोआप सावध व्हायचा. आजचा कोड नीटनेटका असतो: अर्थपूर्ण नावं, प्रत्येक फंक्शनवर कमेंट. पहिल्या तासात वाटतं, काम सोपं आहे. नेमका तेव्हा दर सांगून मोकळं होऊ नका.

कोकणातल्या एका होमस्टेचं सांगते. मालकीणबाईंची तक्रार होती, "मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचं बरोबर येतं हो. अमेरिकेतून बुकिंग केलं की तारीख एक दिवस पुढे पडते. गणपतीत दोन कुटुंबं एकाच खोलीवर येऊन उभी राहिली!"

कॅलेंडरात निवडलेली तारीख जावास्क्रिप्टच्या टूआयएसओस्ट्रिंगमधून जात होती. हे फंक्शन वेळ यूटीसीत नेतं. भारतातली मध्यरात्र साडेपाच तास मागे गेली की आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा होतात, म्हणजे तारीख एक दिवस मागे. "तारीख एक दिवस कमी येते" असं कोणीतरी एआय टूलला सांगितलं असणार, आणि टूलने आज्ञाधारकपणे एक दिवस मिळवला. भारतापुरता हिशेब जुळला. न्यू जर्सीतली मध्यरात्र मात्र यूटीसीत त्याच तारखेची पहाट असते. तिथे तो दिवस जास्तीचा ठरला.

आधीच्या डेव्हलपरला फोन केला. मुलगा चांगला, टाळाटाळ केली नाही. म्हणाला, "ताई, ते टूलने टाकलं होतं. चाललं, म्हणून ठेवलं." पूर्वी डेव्हलपर नंबर बदलून गायब व्हायचे, पण सापडले तर एखादी ओळ का लिहिली ते सांगू शकायचे. आता माणूस समोर बसला तरी त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण तो निर्णय कोणी घेतलेलाच नसतो. या कामातली खरी अडचण हीच आहे; बाकीचं सगळं वाचून कळतं.

शिवाय तो मिळवलेला दिवस एका जागी नव्हता. फॉर्ममध्ये होता, मेलमध्ये होता, आणि बुकिंग रद्द करण्याच्या पानावर तर एक दिवस वजा केलेला होता. ही साधनं आधीचं फंक्शन शोधण्याऐवजी पुष्कळदा नवंच लिहून देतात. त्यामुळे एक जागा सुधारली की दुसरी बिघडते. अशा वेळी तारखेला वेळ चिकटवूच नये. वर्ष-महिना-दिवस एवढंच फॉर्मपासून डेटाबेसपर्यंत न्यावं, आणि सगळ्या बेरजा-वजाबाक्या एकदमच काढाव्यात. जुन्या नोंदी मात्र स्क्रिप्टने सरसकट बदलू नका. कुठली परदेशातून आली, हे फोन नंबर बघून मालकालाच ठरवू द्या.

असं काम घेणार असाल तर सुरुवातीला काहीही सुधारू नका. बॅकअप घ्या, तो दुसरीकडे उभा करून बघा, आहे तसा कोड गिटमध्ये टाका. डोमेन मालकाच्या नावावर आहे की आधीच्या डेव्हलपरच्या, हेही तेव्हाच विचारा. मग बुकिंग, पैसे, मेल या वाटा वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये चालवून जे घडतं ते टेस्टमध्ये नोंदवा, चुकीचं असलं तरी. मायकेल फेदर्स यांच्या २००४ च्या 'वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड' या पुस्तकात याला कॅरेक्टरायझेशन टेस्ट म्हटलं आहे.

त्यानंतर सगळा कोड 'कॅच' या शब्दासाठी धुंडाळा. रिकाम्या कॅच ब्लॉकइतकी भीती मला कशाचीच वाटत नाही: डेटाबेसने नोंद नाकारलेली असते आणि पानावर हिरव्या अक्षरांत "धन्यवाद, आपली नोंद झाली" झळकत असतं. रक्कम ब्राउझरकडून येत असेल तर ग्राहक ती बदलू शकतो, म्हणून किंमत सर्व्हरनेच काढावी. गुप्त की पानाच्या सोर्समध्ये दिसली तर ती पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात राहतेच. रद्द करून नवी घ्या.

आणि चाचणीला मराठी नावं वापरा. पीएचपीचं सबस्ट्र बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. रोमन लिपीतल्या 'जॉन डो'वर गुळगुळीत चाललेलं पान 'ज्ञानेश्वर'वर मधेच चिरतं आणि शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटतं. तिथे एमबी_सबस्ट्र हवं.

ही साधनं मीही रोज वापरते, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्यांनी दिलेला बदल का केला, हे एका वाक्यात लिहिता आलं नाही तर तो कमिट करत नाही. आणि तपासणीचे पैसे वेगळे घेते. "साइट तर चालू आहे, तपासायचं काय?" असं विचारणाऱ्यांना त्यांच्याच साइटवरून एक खोटं बुकिंग करून दाखवते. तरीही नको म्हणाले तर ते काम मी घेत नाही.